चंद्राला टेकू

संध्याकाळी चंद्र उगवला तो कडेला कुरतडलेलाच. गच्चीवरचं चांदणं पाणी घातलेल्या ताकासारखं पातळ झालं होतं. शेजारच्या काकूंनी परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभं केलं. "ग्रहण सुटलं की आपोआप पडेल," त्या म्हणाल्या. त्यांची गरोदर सून खाली खोलीत हातसुद्धा न हलवता बसली होती.

मी मुसळाकडे बघत राहिले. हजारो वर्षांपूर्वी पोटात बाळ असलेल्या एखाद्या बाईनं असाच चंद्र झिजताना पाहिला असेल. तो अर्ध्यावरच थांबणार आहे, हे तिला कोण सांगणार? आभाळ खचतंय असं वाटून तिनं कांडता कांडता हातातलं मुसळच वर धरलं असेल, छपराला टेकू द्यावा तसं. आणि खरंच उजेड परतला असेल.

चंद्र पुन्हा भरला. मुसळ मात्र उभंच! मला हसू येणार होतं. काकूंनी आधी खाली हाक मारली, "सुटलं गं, ऊठ आता." मग मुसळ दोन्ही हातांनी उचलून पदरानं पुसलं आणि अलगद आडवं ठेवत त्या म्हणाल्या,

"दमलं असेल बिचारं."