किडे पाडणारी मावशी

कुणीही समोर आलं की ती आधी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावायची, तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "आ कर." कसा आहेस, कधी आलास, हे सगळं नंतर. नवी नवरी पाया पडायला वाकली तरी तिला उठवून आधी तिच्या दाढा बघितल्या जायच्या. एकदा गल्लीत मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तिनं आ करायला लावलं होतं. नवऱ्या मुलाच्या बापानं मुंडासं सावरत निमूटपणे तोंड उघडलं, आणि एक दाढ किडकी निघाल्यावर बिचारा चहा पितानाही गालावर हात ठेवून बसला.

तिचं नाव सांगत नाही. अंबडला आमच्या गल्लीत ती लहानथोरांची मावशी होती, एवढं पुरे. निजामाचं राज्य होतं. गावातच तालुक्याचा सरकारी दवाखाना होता, पण दात दुखला म्हणून तिथं कुणी पाय ठेवत नसे. तिथं पकड लावून दात उपटतात, ही एकच गोष्ट लोकांना ठाऊक होती आणि तेवढी पुरत होती. दुखलं की मावशीची ओसरी.

तिची रीत तुम्ही बघायला हवी होती. पाण्यानं भरलेली काशाची वाटी ती परातीत ठेवायची. वाटीवर तापून लाल झालेली पळी आडवी धरायची, पळीत काटेरी भुईरिंगणीच्या बिया आणि थेंबभर तेल. वरून भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायची आणि भोकात एरंडाची पोकळ नळी. तो धूर दुखऱ्या दाढेला घ्यायचा. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. थोड्या वेळानं ती गाडगं उचलायची. वाटीच्या पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगत असायचे.

"बघ, कोण बसून राह्यलं होतं तुझ्या दाढेत. आता जेवल्यावर चूळ भरली न्हाई, तर हे पुन्हा येतील."

फी म्हणून ती मूठभर मीठ घ्यायची. त्यात बाभळीचा कोळसा आणि तुरटी वाटून ते मंजन त्याच घरी परत पाठवायची. सकाळी बाभळीच्या काड्यांच्या जुड्या घेऊन दारोदार फिरायची. पंगत उठली की हिची हाक, "चुळा भरा रे, खळखळून भरा." मशेरीची डबी कुणाच्या कमरेला दिसली की ती सरळ उकिरड्यात. किड्यांच्या धाकानं अख्खी गल्ली चुळा भरायची. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं दातांनी भाकरी खायची, हे तेव्हा मला विशेष वाटत नसे.

मी जालन्याला कंपाउंडरीचं काम शिकून आलो आणि अंबडच्या त्याच सरकारी दवाखान्यात लागलो. वय लहान, अक्कल त्याहून लहान, पण अंगात शर्ट इस्त्रीचा. रिंगणीच्या बीला उष्णता लागली की ती फुटते आणि आतला पांढरा मोड बाहेर पडतो, त्यालाच लोक किडा समजतात, हे तिथल्या डॉक्टरसाहेबांनी मला हसत सांगितलं होतं. ते सांगून विसरले. मी विसरलो नाही.

एका सकाळी मावशीच्या ओसरीवर पंधराएक बाया बसलेल्या होत्या. मी गेलो, पळी तापवली, बिया टाकल्या, गाडगं पालथं घातलं. नळीला कुणाचंच तोंड लावलं नाही. मग गाडगं उचललं. वाटीत किडे होते, चांगले दहाबारा.

"आता सांग मावशी, हे कुणाच्या दाढेतले?"

बाया हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. मावशीनं वाटीतला एक किडा बोटावर घेऊन उजेडात धरला. हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. तिनं कुणाला फसवलं नव्हतं, तिचा स्वतःचाच त्यावर पुरा विश्वास होता, हे मला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

"बराबर हाये," ती म्हणाली. "किडे खोटे हायेत."

त्या दिवसापासून तिनं किडे पाडणं बंद केलं. कुणी आलं तर स्वतःच सांगायची, "ते खोटं हाये बाई. दुखत असंल तर दवाखान्यात जा. चूळ मातर सोडू नको." दुसरी एखादी असती तर माझं तोंड बघितलं नसतं. ही मला भेटली की आधीसारखीच म्हणायची, "आ कर."

दवाखान्यात मात्र कुणीच आलं नाही. आणि चुळाही सुटल्या. किडेच नाहीत तर चूळ कशाला, असा साधा हिशेब होता. मशेरीच्या डब्या कमरेला परत आल्या. मावशीच्या जुड्या तिच्या दारात वाळून जायच्या, मग ती त्या चुलीत घालायची. आमच्या घरात पहिली चूळ सोडली ती वहिनीनं. दादाची बायको, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दुखरी दाढ मशेरीनं बधिर होते म्हणून ती दिवसातून चारदा लावू लागली.

तीनएक वर्षांनी वहिनीची ती दाढ सुजली. मी तेव्हा डॉक्टरसाहेबांबरोबर खेड्यांत देवी टोचायच्या दौऱ्यावर होतो. पुढचं मला दादानं सांगितलं. मावशी आली, हनुवटीखाली बोटं लावली, "आ कर" म्हणाली. वहिनीचं तोंड बोटभरही उघडेना. मावशीनं तिच्या गळ्याखाली चाचपून बघितलं.

"पू खाली उतरून राह्यला," ती आईला म्हणाली. "डॉक्टर गावात न्हाई. गाडी जुंपा अन् जालन्याला न्या. जल्दी करा, उद्यावर टाकू नका."

"इतकी वर्षं किडे दाखवून फसवलंस," आई म्हणाली, "अन् आता डॉक्टरकडून माझ्या सुनेचा गळा चिरून घ्यायला सांगती? तुझं काय म्हणून ऐकायचं?"

मावशी दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होती. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. दादा दोनदा उठला आणि दोनदा आईकडे बघून बसला. आईनं अळशीचं पोटीस बांधलं.

तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा वहिनीच्या हनुवटीखालचा भाग लाकडासारखा घट्ट झाला होता आणि तिला थुंकीही गिळता येत नव्हती. डॉक्टरसाहेब अजून खेड्यांतच होते. गाडी जुंपली. निम्म्या वाटेत, भर दुपारी, तिचा श्वास कोंडला. दादानं बैल थांबवले. मला औषधांची नावं पाठ होती. मी काही करू शकलो नाही.

मावशी मला त्याबद्दल कधी बोलली नाही. एकदाच, मी तिच्या ओसरीवर जाऊन बसलो असताना, जुडी बांधता बांधता तिनं विचारलं, "तुला ठाऊक होतं, तर मला एकटीला का न्हाई सांगितलं? किडे मी हळूहळू सोडले असते. चुळा चालू ठेवल्या असत्या."

उत्तर मला माहीत होतं. मला बायांपुढे शहाणं ठरायचं होतं.

पुढे रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि निम्मी गल्ली नातेवाइकांकडे निघून गेली. त्याच दिवसांत मावशी तापानं गेली. तिरडीला चार खांदे कसेबसे जमले. तोंडात तुळशीचं पान ठेवायला कुणी पुढं होईना, म्हणून मी झालो. हनुवटीखाली दोन बोटं लावून तिचं तोंड उघडलं. दात झिजलेले होते, पण सगळे होते. माझ्याच्यानं तिथं थांबवेना. निघताना तिच्या फळीवरची काशाची वाटी, पळी आणि बियांची पुरचुंडी मी उचलून आणली. का आणली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच पावसाळ्यात केदारखेड्याहून माहेरी आलेली एक बाई दवाखान्यात आली. कडेवर सहा वर्षांची मुलगी, गाल टरारून सुजलेला. डॉक्टरसाहेबांनी पकड हातात घेतली तशी बाई पोर उचलून चालती झाली. मी पायरीपर्यंत धावलो, समजावलं, पू गळ्यात उतरेल म्हणून सांगितलं. ती थांबेना.

"बाई," मी म्हणालो, "किडे पाडून देतो. या."

ती थांबली. मागच्या पडवीत मी पळी तापवली. डॉक्टरसाहेब दारात उभे राहून बघत होते. मी मुलीच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि म्हणालो, "आ कर." बिया फुटल्या. गाडगं उचलून मी वाटी बाईपुढे धरली.

"ही नुसती पोरं," मी म्हणालो. "त्यांची आई अजून दाढेतच बसलीय. ती डॉक्टरसाहेबांनाच काढावी लागंल."

बाईनं पोरीला घट्ट धरलं. दाढ निघाली, पू वाहून गेला, पोर वाचली. जाताना बाईनं विचारलं, "खर्चा किती झाला?"

"मूठभर मीठ आणून द्या," मी म्हणालो. "अन् घरात सगळ्यांनी जेवल्यावर चुळा भरा."

"भरू की," ती म्हणाली. "किडे मी माझ्या डोळ्यांनी बघितले."