मुकादमाचा चहा

बहात्तर साली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, भेस्तानच्या आमच्या वस्तीत मैला वाहणाऱ्या मावशीवर अन्याय झाला. संडासाचा मैला पाईपने थेट, मैला कुजवून चुलीसाठी गॅस करणाऱ्या टाकीत जाऊ लागल्यामुळे तिच्या डोक्यावरची टोपली नुकतीच उतरली होती. “असल्या गॅसवर शिजवलं तर वस्ती बाटेल,” म्हणत वस्तीच्या मुकादमाने तो पाईप बुजवला आणि टोपली पुन्हा तिच्या हातात दिली. टाकीत गॅस उरला होता. संध्याकाळच्या सभेत मी त्याला त्यावरच उकळलेला आल्याचा चहा पाजला. बशी संपवून तो म्हणाला, “फक्कड झालाय, भाऊ.” मी सगळ्यांसमोर सांगितलं, “संडासाच्या गॅसवरचा आहे.” तो दारात ओकत असताना मावशी शांतपणे म्हणाली, “भाऊ, त्याले अजून एक कप दे.” मुकादमाचं ते तोंड आठवलं की मला आजही बरं वाटतं. तुमच्या गावातही टाकीला नाही म्हणणारे असतील, कदाचित तुम्हीच असाल. मग उद्या सकाळी टोपली स्वतःच्या डोक्यावर घ्या आणि गावाबाहेर नेऊन टाका.