इअरफोनची डावी बाजू

बाबांच्या वॉकमनच्या इअरफोनची डावी बाजू वाजेना. मला आयटीतल्या पहिल्या पगाराचा माज होता. म्हटलं, फेका, नवा आणतो. पण बाबा त्याची वायर कधी आवळून गुंडाळत नसत, चष्म्याच्या घरात सैल ठेवत. त्यांना दुरुस्तीच हवी होती.

चिडूनच बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने इअरफोन रेडिओला जोडून स्वतःच्या कानांना लावला. “अहो, दोन्ही बाजू ठणठणीत आहेत. कान दाखवून घ्या.”

बाबांनी तीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या, धडधडणाऱ्या प्रेसशेजारी उभं राहून काम केलं होतं. प्रेस त्यांच्या डावीकडे असे.

घरी त्यांनी विचारलं, “झाला दुरुस्त?”

“झाला,” मी म्हणालो.

त्यांनी डावी बाजू कानाला लावली, वॉकमनचा आवाज वाढवून पाहिला आणि माझं मन राखायला मान डोलावली.