मशीन वाढवलं

मामाची द्राक्षं परदेशी निघाली, तेव्हा निरोपांचं काम माझ्याकडे होतं. तासगावला माल भरला की मुकादम मला साताऱ्याच्या ऑफिसात फोन करायचा, मी मुंबईच्या शिपिंग एजंटाला इंग्रजीत कळवायचं आणि त्यानं पलीकडच्या गिऱ्हाइकाला. "सगळी बाग तुझ्या भरवशावर हाय, पोरी," मामा म्हणाला होता. मी हसले होते.

सकाळी मुकादमाचा फोन आला. "ताई, नारळ वाढवला, मशीन वाढवलं, गाडी सोडली." मीही शहाणी! कळवून मोकळी झाले: कूलिंग वाढवलंय, गाडी निघाली.

एजंटाची कामं सावकाश. दोन तासांनी त्यानं विचारलं, किती वाढवलं? शून्याच्या फार खाली गेलं तर द्राक्षं गोठतील.

मी मुकादमाला गाठलं.

"आवं ताई, माल भरताना दारं उघडी व्हती न्हवं? म्हनून वाढवलं. दिवा वाढवत्यात तसं."

म्हणजे बंद केलं!

"मग परत चालू कुणी केलं?"

"ते डायवरचं काम."

ड्रायव्हरचा फोन लागेना. मी स्कूटर काढली आणि हायवेला जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. प्रत्येक पांढऱ्या कंटेनरचा नंबर मी वाचत होते. मामा रागावेल ही भीती नव्हती. तो एक शब्दही बोलणार नाही, याचीच होती.

गाडी दिसताच मी दोन्ही हात हलवत पुढे धावले. ड्रायव्हर जतचा, घरी कन्नड बोलणारा. "मुकादमच म्हनला, मशीन वाढवलंय. मग म्या कशाला हात लावू?" कंटेनरवर तापमानाचा आकडा होता नऊ, हवा होता शून्याच्या आसपास. त्यानं बटण दाबलं, घरघर सुरू झाली. आठ दिसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

एजंटाला खरं ते लिहिलं: मशीन तीन तास बंद होतं, चूक माझी. माल तिकडे उघडेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. द्राक्षं वाचली, काही देठ तेवढे सुकले होते.

पुढच्या गाडीला मी मुकादमाला बजावलं, वाढवलं म्हणायचं नाही, सरळ बंद म्हणायचं. तो म्हणाला, "भरल्या गाडीम्होरं त्यो शब्द कसा काढू, ताई? मला भ्या वाटतं."

आता फोन आला की आधी त्याची पावलं ऐकू येतात. तो गाडीपासून पार लांब जातो आणि मगच हळूच म्हणतो, "ताई, बंद."