गुणवंतीनं मागे घेतलेला पुकारा

मिरकरवाड्याच्या जेटीवर गुणवंती डोर्लेकरणीशी वाद घालायचा नसतो, हे तिथल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, उंची जेमतेम पाच फूट, पण उलट्या क्रेटवर उभी राहून मासळीचा लिलाव पुकारायला लागली की बर्फाच्या गाडीवालाही हॉर्न बंद करतो. तीस वर्षं झाली, ती पुकारतेच आहे. एका सकाळी साठ-साठ टोपल्या तिच्यासमोरून जातात. कुठली सरंग्याची, कुठली म्हाकुलांची, कुठल्या बोटीची आणि कोणी उचलली, सगळं डोक्यात. वही नाही, पेन नाही. बोटमालक रशीदभाई एकदा हटून बसले, म्हणाले, आज मी लिहून घेतो, बघू कोण चुकतं. दुपारी पडताळून पाहिलं तर रशीदभाईंच्या वहीत दोन टोपल्या गायब! बिचाऱ्यांनी ती वही चहावाल्याला देऊन टाकली.

दुसरी गोष्ट अशी की तिचा पुकारा फिरत नाही. एकदा तोंडातून ‘दिली!’ गेलं की दिली. मग सख्खा दीर येऊन हातापाया पडू दे, ती मागे घेत नाही. तिचा शब्द एकदा जरी फिरला तर उद्या कोण कशाला त्या क्रेटसमोर उभा राहील? तीस वर्षांत तो एकदाही फिरला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी मात्र भलतंच झालं. हर्षद नावाचा व्यापारी तिच्या डाव्या हाताला उभा राहून बोट वर करायचा आणि हिला ते दिसायचंच नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तो तणतणला, “काकी, मी काय भूत हाय?” ती तशीच मासळीच्या वासासकट मारुती मंदिराजवळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर रुचिरा तरुण होत्या, पण बोलायला सरळ. काचबिंदू आहे, म्हणाल्या. डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढत गेलं आणि मागची नस सुकत गेली. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली सांभाळायची. गुणवंतीनं तिथे एक टिपूस काढलं नाही. घरी येऊन मात्र भाताच्या पातेल्यासमोर बसून ती अर्धा तास रडली, मग उठून ड्रॉपची बाटली देवाच्या फळीवर ठेवली. त्या दिवसापासून एक वेळ चुकवली असेल तर शपथ!

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा आजार घराण्यात फिरतो, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचं. सख्खं भावंड एकच, धोंडू. तिच्याहून चार वर्षांनी लहान, रशीदभाईंच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तानच. त्याला नजरेचा भारी गर्व. “ताय, अंधारात मला दुसऱ्याच्या जाळ्याचा तरंगता बोया दिसतो. डाक्टरलाच माझ्याकडं पाठव.” पाच वर्षं तिनं सांगितलं, पाच वर्षं त्यानं दात काढले.

इकडे गुणवंतीचं एक कोडं सुटत नव्हतं. लिलाव आटोपून ती दवाखान्यात जायची ती अकराच्या सुमाराला, आणि प्रेशर दर वेळी पंधरा. एकदम झकास. तरी दर वर्षी काढायच्या नजरेच्या नकाशात काळा डाग थोडा पसरलेलाच. शेवटी ह्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, “मावशी, प्रेशर दिवसभर सारखं नसतं. तुमचं कुठल्या तरी भलत्याच वेळी चढतंय आणि मला ते सापडत नाहीये. आठवडाभर हे यंत्र घेऊन जा.”

यंत्र टॉर्चएवढं. कपाळाला आणि गालाला टेकवायचं, बटण दाबायचं; टोकाची बारीक कांडी बुबुळाला हळूच टेकून परत येते. पापणी लवायच्या आत काम होतं, दुखत नाही. दिवसातून सहा वेळा दोन्ही डोळे मोजायचे, पहाटे चारपासून सुरुवात. दर खेपेला नवी कांडी, म्हणून पन्नास कांड्यांचं पाकीट. “आणि नीट ऐका,” डॉक्टरांनी बजावलं, “हे फक्त तुमच्यासाठी. हिरवा दिवा लागला म्हणजे मोजणी झाली, एवढंच. आकडा आत राहतो, तो मी इथे बघणार.”

ऐकलं की तिनं! गुरुवारी ऐकलं, शुक्रवारी ऐकलं. शनिवारी सकाळी सहाला ती जेटीवर क्रेटवर बसून स्वतःचे डोळे मोजत होती, तेव्हा सुकी मासळी विकणारी येसूबाई जवळ आली. “ह्ये काय गो, बंदूक?” गुणवंतीला राहवलं नाही. तिनं नवी कांडी लावली, येसूबाईला बसवलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. तीस वर्षांची सवय, तोंडातून खणखणीत निघालं, “पास!”

मग काय विचारता! रांगच लागली. प्रत्येकाला नवी कांडी, प्रत्येकाला हिरवा दिवा, प्रत्येकाला ‘पास!’ माणसं टाळ्या पिटायला लागली. एवढ्यात धोंडूची बोट धक्क्याला लागली. तो लांबूनच हसत आला, “काय ताय, डाक्टरीण झालीस?” ती म्हणाली, “बस. का घाबरलास?” सगळ्या जेटीसमोर हे ऐकून घेईल तो धोंडू कसला! बसला. हिरवा लागला. “पास!” म्हणून गुणवंतीनं आरोळी ठोकली. पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं आणि तिनं सगळ्यांना चहा सांगितला.

पाकीट अर्थातच लवकर संपलं. मंगळवारी, एक दिवस आधीच, ती यंत्र घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरला जोडलं आणि खुशीत टेबलावर हात मारला. “सापडला चोर! रोज पहाटे चारला सत्तावीस. उठल्याउठल्या काय करता तुम्ही?”

“तांब्याभर पाणी पिते. एका दमात.”

“त्यानंही चढतं. घोटघोट प्या. आणि झोपताना एक ड्रॉप वाढवते.”

एवढं बोलून त्या थांबल्या. पडद्याकडे वाकल्या. “शनिवारी सकाळी सहा अडतीस. डावा एक्केचाळीस, उजवा चौतीस. मावशी, हे काय?” त्यांनी लगेच गुणवंतीला मोठ्या यंत्रासमोर बसवलं. दोन्ही डोळे पंधरा.

गुणवंतीनं मान खाली घातली. असं क्वचितच होतं. “शनवारी एकोणीस जणांचे मोजले मी. पण एकाची कांडी दुसऱ्याला नाय लावली, देवाशपथ.”

डॉक्टर बोलायचं ते बोलल्या, आणि चांगली दोन मिनिटं बोलल्या. तिनं चुकूनसुद्धा उलट उत्तर दिलं नाही. मग डॉक्टरांचा आवाज खाली आला. “ह्यातल्या एका माणसाचं प्रेशर दुपटीच्या वर आहे. दुखत नाही, खुपत नाही, त्याला पत्ताही नसणार. यंत्रात वेळ आहे, नाव नाही. आठवेल तुम्हाला?”

“साठ टोपल्या आठवतात, मग एकोणीस माणसांचं काय?” तिनं डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागली. “पहिली येसूबाई. दुसरा हर्षद, पापणी मिटत होता सारखी. तिसरे रशीदभाई, टोपी काढायला तयार नव्हते...” डॉक्टर पडद्यावरच्या वेळांच्या यादीवर पेन सरकवत होत्या. “दहावी चहावाल्याची बायको. अकरावा बर्फाच्या गाडीवाला. बारावा...”

तिचं बोट तसंच राहिलं. सहा अडतीसवाला बारावाच होता.

तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपण चुकावं, कुठेतरी एक माणूस निसटावा. नाही निसटला. “माझा भाऊ हाय तो,” ती म्हणाली, आणि मग त्याला ‘पास’ कोणी केलं होतं ते तिला आठवलं.

धोंडूचा फोन लागेना. बोट दोन वाजता सुटणार होती, ती थेट आठवड्यानं परतणार. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या प्रेशरवर आठवडा नाही घालवायचा, आज आणा. पाऊण वाजला होता. गुणवंतीनं रिक्षा पकडली आणि रिक्षावाल्याला वाटभर सुनावत जेटी गाठली.

धोंडू बर्फ भरून घेत होता. तिनं सगळं सांगितलं. तो हसला. “ताय, हिरवा लागला होता. तूच पास केलंस, सगळ्यांच्या देखत. तुझा पुकारा कधी फिरतो काय?”

खलाशी हसले. येसूबाई हसली. गुणवंतीनं एक क्रेट ओढला, पालथा घातला आणि वर चढली. लिलावाची वेळ नव्हती, म्हणून सगळे वळून बघायला लागले.

“ऐका!” ती ओरडली. “शनवारचा माझा पुकारा चुकला. हिरव्याचा अर्थ पास नाय, नुसतं मोजलं एवढाच. डाक्टरनं सांगितलं होतं, मी मस्तीत इसरले. एकोणीसच्या एकोणीस जणांनी दवाखान्यात जायचं. पास मागे घेतला! ऐकलंत? गुणवंतीनं मागे घेतला!”

जेटीवर कोणी हसलं नाही. रशीदभाईंनी टोपी काढून हातात घेतली. धोंडूच्या हातातलं बर्फाचं फावडं खाली आलं.

ती उतरून त्याच्यापाशी गेली. “बस हितं. उजवा डोळा हातानं झाक. माझ्या नाकाकडं बघ, दुसरीकडं बघितलंस तर थोबाडीत देईन.” तो बसला. तिनं टोपलीतला एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या उजव्या अंगानं, नाकाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणला. “दिसला की सांग.”

“आण की.”

“आणते हाय.”

“कधी आणतेस? नुसती उभी काय रवलीस?”

खलाशी ओमकार बाजूलाच उभा होता, त्यानं तोंडावर हात धरला. बांगडा धोंडूच्या नाकापासून वीतभरही लांब नव्हता. “हात काढ,” गुणवंती म्हणाली. त्यानं हात काढला. मासा समोर लोंबकळत होता. त्यानं पुन्हा उजवा डोळा झाकला, पुन्हा काढला. दोन वेळा, तीन वेळा. मग उठला आणि बोटीकडे न बघता म्हणाला, “ओमकार, ह्या खेपेला बोट तू ने.”

दोघं रिक्षात बसली. भाट्याच्या खाडीचा वारा येत होता. धोंडू एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. मारुती मंदिर जवळ आलं तेव्हा लहानपणी हाक मारायचा तशा आवाजात म्हणाला, “ताय, तुझा डावा असाच गेला काय गो? काय न कळता?”

“व्हय.”

“माझा?”

“तुझा उजवा शाबूत असंल, डाव्यातला बराच उरला असंल. आता जाऊ द्यायचा नाय.” तिनं त्याचा बर्फानं गार पडलेला हात घट्ट धरला. “आणि डाक्टरीण बोलंल ते गपगुमान ऐकायचं. मी ऐकून घेतलंय मघाशी.”