आतल्या कोपऱ्यातली गाडी

त्या डोंगरावरच्या गावात हवा भरपूर मिळते, गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही. सीझनमध्ये लोक चार तास घाट चढून येतात आणि पुढचे दोन तास गावाला फेऱ्या मारत बसतात. नवऱ्याचं तोंड टोमॅटोसारखं झालेलं असतं, बायकोचं "मी म्हणत होते ना, लवकर निघू" हे चौथ्यांदा म्हणून झालेलं असतं, आणि तेव्हा कुठे त्यांना इंचभर भेटतात.

इंचभर म्हणजे उतारावरच्या पार्किंगचे सर्वेसर्वा. त्यांचं खरं नाव बायकोलासुद्धा जरा आठवून सांगावं लागतं. दिवसभर गाड्यांच्या मागे उभं राहून एकच पालुपद: "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... इंचभर अजून... बास! आता पोट आत घेऊन उतरा." चाळीस गाड्यांच्या जागेत ते अठ्ठावन्न कोंबतात. चाव्या त्यांच्याच ताब्यात, फळीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या.

त्यांचं सगळं शास्त्र माणूस बघून चालतं. लवकर जाणारा पुढे, रेंगाळणारा आत. नवं जोडपं? आत. आपण गाडी आणलीय हेच त्यांना संध्याकाळपर्यंत आठवत नाही. दोन बारकी पोरं आणि एक आजी? पुढे. तासाभरात कुणीतरी ओकणार. गळ्यात हातभर लांब कॅमेरा? आत, धुकं हटेपर्यंत. आणि अगदी आतला, भिंतीला चिकटलेला कोपरा? तो फक्त कुठेच न जाणाऱ्यांसाठी. बावीस वर्षांत एकदाही अंदाज चुकला नाही, असं इंचभर स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

त्या शनिवारी त्यांच्या लेकीची चाचणी होती. पर्यटकांना वर-खाली करणाऱ्या गावच्या छोट्या बसवर ड्रायव्हर घेणार होते. खालच्या डेपोत बारा वाजता हजर, उशीर झाला की नावावर काट. लेकीने नऊलाच घरची जुनी गाडी फाटकाशी आणली, चावी वडिलांच्या हातात दिली आणि बजावलं, "बाबा, साडेअकराला निघणार. पुढेच ठेवा." मग समोरच्या चहाच्या दुकानात नियमांचं पुस्तक उघडून बसली.

साडेअकराला येऊन बघते, तर गाडी आतल्या कोपऱ्यात. पुढे नऊ गाड्या, एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक.

"बाबा, हे काय?"

"अगं, गर्दी झाली एकदम..."

"नऊ वाजता पार्किंग रिकामं होतं. पहिली गाडी माझीच होती."

इंचभर शिट्टी पुसायला लागले. शिट्टी स्वच्छच होती. मागच्या वर्षी हीच पोरगी डेपोच्या फाटकापर्यंत जाऊन, पोटात गोळा आला म्हणून परत आली होती. या वर्षीही तेच होणार, हे त्यांनी नऊ वाजता तिच्याकडे नुसतं बघून ठरवून टाकलं होतं. विचारलं कुणी नव्हतं. पण त्या कोपऱ्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना पाठ होता.

"म्हणजे मी जाणारच नाही, असं वाटलं तुम्हाला."

"तसं नाही गं बाळ..."

"तसंच आहे. चाव्या द्या."

"कुणाच्या?"

"नऊच्या नऊ."

पहिली गाडी तिने चढावर उलटी काढली. गाडी तसूभरही खाली घसरली नाही. रस्त्यावर वरच्या अंगाला कडेला लावली, धावत परत आली. दुसरी. तिसरी. रस्ता अर्धा अडला, हॉर्न सुरू झाले. "ए ताई, रस्ता काय तुझ्या वडिलांचा आहे का?" कुणीतरी ओरडलं. "रस्ता नाही, पार्किंग त्यांचं," ती काचेतून म्हणाली आणि चौथीला हात घातला. पाचवीचा मालक कॅमेरा सावरत आला, "मॅडम, नवीन गाडी आहे हो, हळू, हळू!" त्याचं वाक्य संपायच्या आत नवीन गाडी बाहेर.

सवयीने इंचभर सहावीच्या मागे जाऊन उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे, इंच..."

"बाबा, बाजूला व्हा. आरसा आहे मला."

बावीस वर्षांत त्यांना बाजूला व्हा असं कुणी म्हणालं नव्हतं. ते झाले. भिंतीला पाठ लावून बघत राहिले. स्टीअरिंगला जो पिळा घालायला त्यांना स्वतःला तीन हिसके लागतात, तो ही पोरगी एकात घालत होती. आणि हे त्यांना आज कळत होतं. घरातल्या माणसाला! अख्ख्या गावाची माणसं वाचणाऱ्याला!

अकरा सत्तेचाळीसला कोपरा मोकळा झाला. तिने घरची गाडी काढली, फाटकाशी क्षणभर थांबली.

"रस्त्यावरच्या तुम्ही आत घ्या."

"पोटात गोळा आलाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आलाय. तोही येतोय बरोबर. बसेल मागे." आणि ती गेली.

पुढचा तासभर इंचभरांनी आयुष्यभरात खाल्ल्या नसतील एवढ्या शिव्या खाल्ल्या. घाईत गाड्या वाट्टेल तशा आत घेतल्या, आजीची गाडी मागे आणि नव्या जोडप्याची पुढे. आजीचा नातू ठरल्या वेळी ओकला, पण गाडी निघेना. इंचभर मात्र दर मिनिटाला फोन बघत होते.

पावणेदोनला वाजला.

"बाबा, दोन मिनिटं आधी पोचले. घेतलं मला. सोमवारपासून सकाळची फेरी." मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. "आता येतेय वर. गाडी कुठे लावू?"

हा प्रश्न बावीस वर्षं लोक त्यांना विचारत आले होते आणि उत्तर कायम तयार असे. आज त्यांनी आधी सगळ्या पार्किंगवर एकदा नजर फिरवली.

"तुला वाटेल तिथे लाव, बाळ."

तिने फाटकात आडवी लावली, चावी खिशात टाकली आणि घरी जाऊन झोपली. पाच वाजेपर्यंत आतली एकही गाडी हलली नाही. "कुणाची आहे ही?" लोक ओरडत होते, आणि इंचभर प्रत्येकाला छाती काढून सांगत होते, "बस ड्रायव्हरची."