नाकानं तपासणारा मुकादम

उदगीरच्या त्या दवाखान्यातल्या सफाईवाल्या मावशीचं नाव मी विचारलंच नाही, कारण दिवसभर मी तिच्यावर ओरडण्यातच गुंतलो होतो.

मी लातूरहून कोल्ड प्लाझ्माचं यंत्र दाखवायला गेलो होतो. त्यातून निळसर, थंड झोत निघतो आणि कॉट, टेबल, जिथे फिरवाल तिथले जंतू मारतो. मी कॉटचा कठडा निर्जंतुक केला, की मागून मावशी पदर खोचून यायची आणि वॉर्डभर फिरलेलं तेच फडकं बादलीत बुचकळून त्यावरून ओढायची. एकदा नाही, तीनदा!

"अहो मावशी, जंतू मेलेत! या फडक्यानं तुम्ही नवे आणून ठेवताय!"

"हाव साहेब," म्हणत ती फडकं पिळायची आणि पुढच्या कॉटकडे निघायची.

चौथ्यांदा मी फडकं हिसकावूनच घेतलं. तेव्हा कुठे ती थांबली.

"साहेब, तुमची मशीन लई भारी हाय. पण आमचा मुकादम नाकानं तपासतो. फिनाईलचा वास आला न्हाई, तर पुसलंच न्हाई म्हणतो. उद्यापासून येऊ नको म्हणतो."

"येऊ द्या त्याला. मी समजावतो," मी तावातावानं म्हणालो.

तो आला. मी चांगली पाच मिनिटं समजावलं. त्यानं मान डोलावली, वाकून कठड्याचा वास घेतला आणि तिच्यावर खेकसला, "हे कोण पुसणार?"

तिनं माझ्यापुढे हात केला. मी फडकं तिला दिलं, आणि बादलीही मीच पुढे सरकवली.